आधी बसायचं कुठं ते सांगा

आमच्या नेरुळच्या सेक्टरमधलं कोपऱ्यावरचं उडपी हॉटेल मागच्या पावसाळ्यात बंद झालं आणि दिवाळीच्या आत तिथं काचेच्या दाराचं कॅफे उभं राहिलं. जिथं 30 रुपयांत स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी मिळायची तिथं आता 240 रुपयांना कॅपुचिनो मिळतो, वर दुधाच्या फेसात काढलेलं पान फुकट. यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तीन आठवडे जी धुमश्चक्री चालली, तिची सर पार्किंगच्या वादालाही कधी आली नव्हती. एका गटाचं म्हणणं, फिल्टर कॉफी ही आपली, मातीतली. एस्प्रेसो म्हणजे परदेशी थेर. दुसऱ्या गटाचं म्हणणं, एस्प्रेसो हीच खरी कॉफी, तुम्ही पिता ते चिकोरी घातलेलं गोड दूध. मग कुणी कॅफीनचे आकडे टाकले, कुणी कोलेस्टेरॉलचे, कुणी आजीच्या पितळी भांड्यांचे फोटो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये रोज डिकॉक्शन, म्हणजे फिल्टर कॉफीचा दाट अर्क, लावणारं घर एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या पालक्काडच्या मामींचं. त्या ग्रुपवर एक अक्षर बोलल्या नाहीत.

मला हा सगळा वाद चुकीच्या जागी चाललेला वाटतो. दोन्ही कॉफ्यांत फरक आहे, चांगला मोजता येण्याजोगा आहे, पण तो दाबाचा आणि वेळेचा आहे. त्यावर संस्कृती किंवा प्रगतीचे झेंडे रोवता येत नाहीत. आणि ज्या फरकाने माणसं खरोखर चिडली, तो 30 आणि 240 मधला, त्याचा कॉफीशी फार थोडा संबंध आहे. ते पैसे खुर्चीचे आहेत.

आधी कपातलं बघू. एस्प्रेसोसाठी साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेली कॉफी ठासून बसवतात आणि तिच्यातून उकळीच्या किंचित खालचं पाणी 9 बार दाबाने 25 ते 30 सेकंदांत ढकलतात. खाली 36 ग्रॅमच्या आसपास दाट अर्क उतरतो. 9 बार म्हणजे किती? घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 1 बार जास्त असतो. किंवा असं समजा, घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरच्या गच्चीवर टाकी आहे आणि तिचा पाइप मधे कुठंही न थांबता थेट तळमजल्याच्या नळाला जोडला आहे. त्या नळापाशी जो जोर येईल तो जवळजवळ 9 बारचा. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात चार बोटं पाणी उभं असतं आणि त्याच्या स्वतःच्या वजनाशिवाय ढकलणारं कुणी नसतं. ते थेंबथेंब गळायला पंधरा-वीस मिनिटं घेतं, रात्री लावून ठेवलं तर सकाळ. तिकडे जे काम दाब करतो ते इकडे वेळ करतो. दाबामुळे कॉफीतलं तेल पाण्यात घुसळलं जातं, दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कपावर तपकिरी साय धरते, ती क्रेमा. डिकॉक्शनवर ती धरत नाही. फेस हवा असेल तर दूध घालून टंबलरमधून डवऱ्यात (टंबलरसोबतच्या वाटीत), डवऱ्यातून टंबलरमध्ये, हातभर उंचीवरून ओतायचं. आता गंमत अशी की कॅपुचिनोचीही कृती तीच आहे: थोडा कडक अर्क, त्याच्या कितीतरी पट गरम दूध, वर फेस. एकात फेस वाफेच्या नळीने येतो, दुसऱ्यात मनगटाने. ग्रुपवर ज्या दोन पेयांवरून लोक एकमेकांचे संस्कार काढत होते ती चुलतभावंडं आहेत.

पण वाद घालणाऱ्यांना शब्दांचंही धड भान नव्हतं. कॅफीनवाल्या गृहस्थांनी 'फिल्टर कॉफीच्या कपात 95 मिलिग्रॅम, एस्प्रेसोत 63' असं ठणकावून सांगितलं. आकडे ठीक आहेत, फक्त ती 'फिल्टर कॉफी' आपली नव्हेच. पाश्चात्त्य देशांत फिल्टर म्हणजे कागदातून गाळलेली, बिनदुधाची, पातळ, पाऊण मग भरून प्यायची कॉफी. जर्मनीत मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून जी सुरू केली ती. कोलेस्टेरॉल वाढवणारे कॉफीतले काही तेलकट पदार्थ तो कागद अडवतो, आपला भोकांचा स्टीलचा फिल्टर तसे अडवत नाही. म्हणजे तिकडच्या फिल्टरचं आरोग्यप्रमाणपत्र इकडच्या टंबलरला चिकटवता येत नाही. एस्प्रेसो शब्दाचे आपण केलेले हाल तर विचारूच नका. माझ्या पिढीला एस्प्रेसो भेटली ती लग्नाच्या हॉलमध्ये. कोपऱ्यात फुसफुसणारं स्टीलचं मशीन, मागे लाल जाकिटातला माणूस, कपात इन्स्टंट पावडर आणि साखर फेटलेली, वर वाफेने उसळवलेलं दूध आणि चिमूटभर कोको भुरभुरलेला. मशीनवर बऱ्याचदा 'एक्स्प्रेसो' असं लिहिलेलं. तिच्यात 9 बार नव्हते, दळलेली कॉफी नव्हती, इटलीचा वाराही लागलेला नव्हता, पण व्याही मंडळी दोन-दोन कप घ्यायची आणि ती परदेशी आहे अशी तक्रार एकाही काकांनी कधी केली नाही. आणि आमच्या आईची कॉफी? दुधातच उकळलेली, जायफळ किसून घातलेली, गाळण्यातून गाळलेली. मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या हीच कॉफी होती. 'आपली कॉफी' म्हणून टंबलरचे फोटो टाकणाऱ्यांपैकी कुणालाही ती आठवली नाही, हे मला जरा लागलं.

तरी फिल्टरवाल्यांच्या बाजूने जे सगळ्यांत वजनदार आहे ते मान्य करायलाच हवं. उडपी हॉटेल बंद होतं तेव्हा एक पेय जात नाही, एक व्यवस्था जाते. सकाळी सहाला उघडणारा, रिक्षावाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना एकाच भावात, एकाच पेल्यात देणारा गल्ला जातो. ती हळहळ खरी आहे, मलाही आहे. पण 'मातीतली' हे विशेषण मात्र पचत नाही. कुठल्या मातीतली? कॉफीच्या बिया येमेनहून चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन यांनी आणल्या अशी आख्यायिका आहे, म्हणजे मुळात झाडच पाहुणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द मद्रास इलाख्यातली वडीलधारी मंडळी कॉफीवर तुटून पडत होती: सकाळची शिळ्या भाताची पेज सोडून ही विलायती चटक कुठून आली, बायका आळशी होतील, घरं बुडतील. आज जी तमिळनाडूतल्या कुंभकोणमची परंपरा म्हणून मिरवली जाते ती तेव्हा फॅशन होती. आणि आपल्याकडे? साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम चालली तेव्हा उडपी हॉटेलांच्या काचा फुटल्या होत्या. ज्या टंबलरला आज 'आपला' म्हणून कवटाळतो तो तेव्हा 'त्यांचा' होता. पन्नास-साठ वर्षांत एखादी गोष्ट 'त्यांची'ची 'आपली' होत असेल, तर एस्प्रेसोला आणखी किती वर्षं द्यायची?

शिवाय तो परदेशी कप उघडून बघितला तर आत काय सापडतं? भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेली अनेक वर्षं इटली आहे. कोडगू, चिकमगळूर, वायनाडकडचा रोबस्टा (कॉफीची एक कडक जात) तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत जातो, कारण रोबस्टाने क्रेमा जाड धरते आणि कपाला अंग येतं. मंगळूरच्या बाजूला पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम फुगवलेली मॉन्सून्ड मलबार ही कॉफीही युरोपात याच कामाला वापरतात. तेव्हा रोममधला माणूस जे पितो त्यातला काही भाग आपल्याच घाटातून गेलेला असतो. परदेशी थेर म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

आता एस्प्रेसोवाल्यांकडे वळते, त्यांची मिजास जरा जास्तच होती. त्यांचा चिकोरीचा मुद्दा मात्र पोकळ नाही. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. याचा उलटा अर्थ असा की 49 टक्के चिकोरी घालूनही ते पाकीट कायदेशीर आहे. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन नाही, कॉफीचा सुगंध नाही, रंग आणि दाटपणा भरपूर आहे, आणि ती स्वस्त आहे. वाशीच्या दुकानात 80-20 मागितलं की समोर दळून देतात, तिथं फसवणूक नाही. हॉटेलच्या गल्ल्यावर मात्र 'आज किती टक्के?' असं विचारायची सोय नसते. त्यांच्या या बोलण्यात तथ्य आहे, आणि 60-40 ची डिकॉक्शन पिऊन 'काय कडक कॉफी आहे' म्हणणाऱ्यांनी आपण कडक म्हणतो ते काय, हे एकदा तपासावं. पण म्हणून चिकोरी ही मद्रासी लबाडी ठरत नाही. नेपोलियनने 1806 मध्ये इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी दुर्मीळ झाली आणि फ्रेंचांनी चिकोरीवर दिवस काढले. नाकेबंदी उठली तरी चव राहिली. टंचाईतून आलेली गोष्ट आवडीची होऊन बसते, साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेल्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

आणि शुद्धता म्हणाल तर ज्या क्रेमाकडे बोट दाखवून ही मंडळी 'हीच खूण' म्हणतात, ती कधीची? मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी 1901 मध्ये एस्प्रेसो यंत्राचं पेटंट घेतलं ते वाफेच्या दाबाचं, जेमतेम दीड बारचं. त्यातून निघणारी कॉफी काळी आणि झटपट असायची, साय बिलकुल नाही. अकिले गाज्जा यांचं दांड्याचं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलं तेव्हा दाब वाढला आणि वर फेस दिसू लागला; गिऱ्हाइकांना तो गाळ वाटला, म्हणून त्याला 'क्रीम' असं साजरं नाव देऊन खपवावं लागलं. भारत स्वतंत्र झाला तेव्हा इटलीतल्याही बहुतेक कपांवर क्रेमा नव्हती. सनातन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचं वय विचारत गेलं की असंच होतं, इकडे आणि तिकडे.

पण बेझेरांच्या यंत्रामागचा हेतू महत्त्वाचा आहे. ते लगबगीसाठी बनलं होतं. कामावर जाणाऱ्या माणसाने आत यावं, उभ्याने दोन घोटांत कप संपवावा, नाणं ठेवून निघावं. इटलीत आजही बहुतेक लोक एस्प्रेसो गल्ल्यापाशी उभं राहून पितात आणि त्याचे साधारण सव्वा युरोच्या आसपास पडतात. तोच कप टेबलापाशी बसून मागितला तर भाव वेगळा, आणि कित्येक ठिकाणी दरपत्रकावर दोन रकाने असतात: उभ्याने इतके, बसून इतके. 1911 मध्येच तिथल्या नगरपालिकांना 'बिनसेवेच्या' कॉफीच्या भावावर कमाल मर्यादा घालायचा अधिकार मिळाला होता. म्हणजे एस्प्रेसो तिच्या माहेरी काय आहे? तीच, जी आपल्या कोपऱ्यावरची 30 रुपयांची फिल्टर कॉफी होती. श्रीमंतांचं विलायती पेय ती नवी मुंबईत पोहोचेपर्यंत झाली. वाटेत असं काय घडलं?

हिशेब करून बघा. भाजलेली चांगली कॉफी किलोला 1200 रुपये धरली तर एस्प्रेसोच्या 18 ग्रॅमचे पावणेबावीस रुपयेही होत नाहीत. दूध, साखर, कागदी कप धरून आणखी पंधरा-वीस. यंत्र काही लाखांचं, मान्य. चालवायला शिकलेला मुलगा लागतो, मान्य. तरी 240 चा आकडा भरत नाही, जोवर तुम्ही त्यात दोन तास चालणारा एसी, स्वच्छ संडास, चार्जिंगचा प्लग आणि 'अजून काही हवंय का?' असं न विचारणारा वेटर धरत नाही. उडपी अण्णा कॉफी विकायचे आणि बसण्याला हरकत घ्यायचे. पाटीच होती, 'जास्त वेळ बसू नये'. कॅफेवाला बसणं विकतो आणि कॉफी पावती म्हणून देतो. 30 आणि 240 ची तुलना म्हणजे लोकलचं तिकीट आणि महिन्याचं घरभाडं यांची तुलना.

इथं इतिहासाकडे वळून पाहिलं की कॉफीवरची भांडणं निराळी दिसू लागतात. मक्केत 1511 मध्ये खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली, तेव्हा त्याला खुपत होत्या त्या मशिदीबाहेर रात्री जमणाऱ्या बैठका. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर 1675 मध्ये कॉफीगृहं बंद करण्याचं फर्मान काढलं, कारण एक पेनी टाकून कुणीही तिथं बसत होतं आणि राजाबद्दल बोलत होतं. ओरड इतकी झाली की दोनेक आठवड्यांत फर्मान मागे घ्यावं लागलं. आणि आपल्याकडे पुण्याचं पंचहौद हे ख्रिस्ती मिशन. ऑक्टोबर 1890 मध्ये गोपाळराव जोश्यांनी तिथं मंडळींना जमवलं, चहा-बिस्किटं समोर आली, काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेल्याला हात लावला, आणि नावं छापून आल्यावर रानडे-टिळकांपर्यंत सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा खटला, आलं. त्या खटल्यात चहाच्या पातीबद्दल कुणाला काय पडलं होतं? प्रश्न होता कुणाच्या पंक्तीला बसलात. मद्रासमध्ये 1957 साली द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या कार्यकर्त्यांनी ट्रिप्लिकेनच्या एका कॅफेच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' शब्द उतरवण्यासाठी आंदोलन केलं, तेही कॉफीच्या चवीसाठी नव्हतं. ओठ न लावता वरून ओतून पिता यावं म्हणून टंबलरला बाहेर वळलेली कड असते असं सांगतात. त्या सुबक कडेतही सोवळं-ओवळं मुरलेलं आहे, आजीच्या फोटोत ते दिसत नाही इतकंच.

मग ते 240 रुपये नेमके कशाचे, यावर मला मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर आमच्याच विंगमधल्या एका तरुण मुलीने दिलं. ती म्हणाली, 'ताई, घरात पाच माणसं आणि दोन खोल्या. ऐरोलीला ऑफिस, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मी 240 रुपये कॉफीला देतच नाही. कुणी डोक्यावर उभं नाही, म्हणून देते.' आणि तिने पुढं विचारलं, उडप्याकडे संध्याकाळी एकटी मुलगी लॅपटॉप उघडून तासभर बसू शकली असती का? नसती. हे मी खुलेपणाने कबूल करते, कारण त्या हॉटेलाची हळहळ करणाऱ्या आम्हा लोकांच्या आठवणीत ही मुलगी कुठंच नव्हती. कॅफेवाल्यालाही दोष देता येत नाही. नेरुळमधल्या रस्त्याकाठच्या गाळ्याचं भाडं 30 रुपयांच्या पेल्यांतून निघणार नाही, म्हणून तर अण्णा गेले. पण ती मुलगी जे विकत घेते ते शहराने विकायला का ठेवावं?

कुणी म्हणेल, बागा आहेत की. आहेत, आणि चांगल्या आहेत. पाम बीच रोडलगतच्या तळ्याभोवती सकाळी अर्धं नेरुळ चालतं. पण पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर बसता येत नाही. ठाण्याला तलावपाळी आहे. तिथल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर हातात दहा रुपयांचा चहा घेऊन दीड तास बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तिथं कपाची किंमत कपाएवढीच राहते, कारण कठडा फुकट आहे. आपलं शहर तर कागदावर आखून मग बांधलेलं. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, पहिले मुख्य वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. त्यांनीच पुढं बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज उभारलं, सात-सात घरं एका सामायिक अंगणाभोवती, कारण आपल्या हवेत अंगण ही छपराखालच्या खोलीइतकीच उपयोगी खोली आहे असं त्यांचं मत होतं. त्या विचाराचं पुढं सेक्टरांच्या दुकानरांगांमध्ये काय झालं? दुकानांपुढं छान रुंद पडवी आहे, वर स्लॅब आहे, पाऊस लागत नाही. आणि पायऱ्यांच्या कडेला लोखंडी अणकुचीदार पट्ट्या ठोकलेल्या आहेत, कुणी टेकू नये म्हणून.

म्हणून गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी एक साधा ठराव मांडला. आमच्या दुकानांसमोरच्या पडवीत चार बाकं टाकावीत, पट्ट्या काढाव्यात, एका टोकाला कुणाला कॉफीची गाडी लावायची असेल तर लावू द्यावी. फिल्टर असो, एस्प्रेसो असो, जायफळाची असो. खर्चाचा अंदाजही जोडला होता, गेटच्या नव्या कमानीच्या मानाने तो काहीच नव्हता. मामींनी अनुमोदन दिलं. मग फिल्टर गटाचे काका उठले, त्यांच्यापाठोपाठ एस्प्रेसो गटाचे दादा उठले. तीन आठवडे एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन माणसं त्या संध्याकाळी पहिल्यांदा एका सुरात बोलली आणि सभेने टाळ्याही वाजवल्या. 'बाकं नकोत. उद्या कुणीही येऊन बसेल.'